घराच्या पायरीपासून पारापर्यंत : वाचकांचे प्रश्न

आपल्या घरातल्या वयस्कर माणसांचे रोजचे बाहेर पडणे वस्तीच्या रचनेमुळे वाढले की कमी झाले, असा प्रश्न आम्ही मागील अंकात वाचकांपुढे ठेवला होता. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे देणारा मी नगररचनेच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा ज्यांनी गुडघेदुखी आणि रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी विचारले आहे, त्यांनी ते प्रश्न कृपया आपल्या डॉक्टरांकडेच न्यावेत.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त लिपिक असून छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात राहतो. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालण्यास सांगितले आहे. उद्यान घरापासून ८०० मीटरवर आहे, पण मध्ये मोठा रस्ता लागतो आणि मी दुभाजकापाशी पोचतो न पोचतो तोच सिग्नल बदलतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही उगाच घाबरता.’ मी खरोखरच घाबरट झालो आहे का?

उत्तर : नाही, आणि हे आकड्यांत दाखवता येते. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे गृहीत धरण्याची पद्धत आहे, तर सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळ लोकांचा नेहमीचा वेग सेकंदाला ०.८ ते ०.९ मीटरच असतो. तुमचा रस्ता दुभाजकासह २४ मीटर रुंद आहे असे समजू. गृहीत धरलेला माणूस तो २० सेकंदांत ओलांडतो आणि तुम्हांला ३० सेकंद लागतात. मुलगा ज्याला भीती म्हणतो, ती या दहा सेकंदांची अचूक मोजणी आहे. सिग्नलची वेळ वाढवून मागणारा अर्ज करताना ‘ज्येष्ठांची गैरसोय होते’ असे मोघम न लिहिता रस्त्याची रुंदी, हिरव्या दिव्याचे सेकंद आणि तुम्हांला लागणारे सेकंद असे तीन आकडे लिहा. दुभाजकात थांबण्याइतकी सपाट, मोकळी जागा आहे का, तेही पाहा. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याच्या कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. आपल्याकडे ही कड पुष्कळ ठिकाणी फूटभर भरते आणि गुडघा वाकवताना ती नेमकी कळते.

मात्र अर्जाचा निकाल लागेपर्यंत चालणे थांबवू नका. सिडकोच्या वसाहती १९७० च्या दशकापासून आखून वसवलेल्या असल्यामुळे तेथे आतल्या गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि मोठा रस्ता न ओलांडता एक वेढा पूर्ण करता येतो, ही सोय शहराच्या इतर अनेक भागांना नाही. उद्यानातच चालले पाहिजे असा काही नियम नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि एका वेळी किमान दहा मिनिटे चाललात तरच ते मोजायचे, ही पूर्वीची अट त्या सूचनांत काढून टाकली आहे. डेअरीपर्यंतची सात मिनिटे आणि परतीची सात मिनिटे, जरा झपझप चाललात तर, त्यातच धरायची.

प्रश्न : माझे आईवडील (वय ७० आणि ७६) लातूरला गंजगोलाईजवळच्या जुन्या घरात राहतात. आम्ही बाह्यवळण रस्त्याच्या पलीकडे नव्या वसाहतीत बंगला बांधला आहे. मोकळी हवा आहे, रस्ते रुंद आहेत. जुन्या पेठेतली गर्दी आणि दुचाकींचा धुमाकूळ पाहता त्यांनी इकडे यावे असे आम्हांला वाटते, पण वडील तयार नाहीत. त्यांची समजूत कशी घालावी?

उत्तर : समजूत घालण्यापूर्वी एक काम करा. वडील एका आठवड्यात कोठे कोठे जातात, याची यादी त्यांच्याकडून न मागता स्वतः करा. मागितलीत तर ते ‘कुठं नाही’ असेच सांगतील.

हे मी अनुभवाने लिहितो. मराठवाड्यातल्याच एका जुन्या पेठेत राहणाऱ्या ७८ वर्षांच्या गृहस्थांबरोबर मी एका सकाळी पावले मोजणारे यंत्र खिशात टाकून हिंडलो होतो. ते साडेसहाला देवीला गेले, तेथून मित्राच्या भुसार दुकानात वर्तमानपत्र वाचायला, मग कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी मंडईत, कारण ती दारावर मिळत असली तरी ‘शिळी असते’; घरी येऊन पुन्हा गिरणीत, आणि दळण झाले नाही म्हणून वाट पाहण्यासाठी समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर. दुपारच्या जेवणापूर्वी २,९०० पावले झाली होती. मी त्यांना विचारले की तुम्ही रोज किती चालता? ते म्हणाले, ‘मी कुठं चालतो? मला कुठं वेळ हाय?’

गंजगोलाई ही मुळातच अशा पायी हिंडण्याच्या हिशेबाने उभी राहिलेली जागा आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये ती बांधली गेली. मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती गोलाकार दुमजली बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते, ज्यांवर सोन्याचांदीपासून मिरची-गुळापर्यंतची दुकाने आहेत. तुमच्या वडिलांच्या पायांखाली असे सोळा पर्याय आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाशी ओळखीचे कोणीतरी बसलेले आहे. नव्या वसाहतीत त्यांना एकच रुंद, सरळ रस्ता मिळेल. त्याच्या दोन्ही बाजूंना बंद फाटके, मधूनमधून बाभळी वाढलेले रिकामे प्लॉट आणि संध्याकाळी सातनंतर त्या प्लॉटांतून बाहेर येणारी कुत्री. त्या रस्त्यावर चालायला मनाई नाही, पण तेथे चालून कोणाकडे जायचे?

वस्तीची दाटी, चौकांची संख्या, बसथांबे आणि बागा जवळ असणे या गोष्टींचा लोकांच्या शारीरिक हालचालीशी संबंध असल्याचे १० देशांतील १४ शहरांच्या एका अभ्यासात आढळले. तो २०१६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चालण्यास सर्वांत अनुकूल वस्तीत राहणारे लोक सर्वांत प्रतिकूल वस्तीतील लोकांपेक्षा आठवड्याला ४८ ते ८९ मिनिटे अधिक हालचाल करत होते. त्यात भारतातले एकही शहर नव्हते आणि सहभागी लोक ६६ वर्षांपर्यंतचेच होते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा लातूरला चिकटवणे बरोबर नाही. तरी वृद्धांविषयीच्या अभ्यासांचा २०१७ मध्ये जो मोठा आढावा घेतला गेला, त्याचाही रोख साधारण तिकडेच आहे : जवळ जाण्याजोगी ठिकाणे असली, बाग असली आणि सुरक्षित वाटत असले की वयस्कर माणसे जास्त चालतात.

तुमची काळजी खोटी नाही. पेठेत मागून येणारी दुचाकी, नालीवरचा हलणारा ढापा, अर्धवट उकरलेला रस्ता, यांतले काहीही एका क्षणात खुब्याचे हाड मोडू शकते आणि या वयात त्या एका पडण्याने पुढचे सगळेच बदलते. म्हणून एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात त्यांना पंधरा पंधरा दिवस आपल्याकडे राहायला न्या आणि ते किती वेळा आपण होऊन फाटकाबाहेर पडतात ते पाहा. पुढे आजारपणामुळे त्यांना आणावेच लागले, तर एक पथ्य मात्र पाळा. नव्या घरात दूध, भाजी, वर्तमानपत्र, औषधे सर्व घरपोच येत असणार. त्यांतली किमान दोन कामे घरपोच सेवेकडून काढून वडिलांकडे सोपवा. प्रेमाने केलेली घरपोच व्यवस्था म्हाताऱ्या माणसाला जितकी घरात बसवते, तितके क्वचितच दुसरे काही बसवत असेल.

प्रश्न : मुलीने पुण्याहून मनगटी घड्याळ पाठवले आहे. ते रोज १०,००० पावलांचा आग्रह धरते. माझी साडेपाच हजारच होतात. वय ६८, बीड.

उत्तर : दहा हजार हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला, तो वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. पंधरा अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार साठीपुढच्या व्यक्तींमध्ये मृत्यूचा धोका ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत कमी होत जातो आणि त्यापुढे फारसा बदलत नाही. तुम्ही ५०० पावलांनी मागे आहात. घड्याळाला तेवढे समजावणे मुलीकडून करून घ्या.

प्रश्न : मी ७९ वर्षांचा शेतकरी, औसा तालुक्यातल्या पुनर्वसित गावात राहतो. भूकंप झाला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. जुन्या गावात आमचे आबा ऐंशीच्या घरात असतानाही दिवसातून चार वेळा पारावर जाऊन येत. मला नव्या गावात एकदाही बाहेर पडावेसे वाटत नाही. नातू म्हणतो, हे वय झाल्याचे लक्षण आहे. तेवढेच आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रातली आबांशी केलेली तुलना फार मोलाची आहे, कारण वय तेच, घराणे तेच, हवामान तेच, बदलली ती गावाची मांडणी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जुन्या गावठाणात दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदी घरे अंगाला अंग लावून उभी होती, बोळ अरुंद होते, आणि त्या रात्री त्याच भिंती माणसांवर कोसळल्या. तेव्हा नव्या गावात रस्ते रुंद असावेत, घरांमध्ये अंतर असावे, अशी मागणी लोकांनीच केली होती, आणि ती अगदी समजण्याजोगी होती. त्यामुळे आज त्या आराखड्याला दोष देताना हात जरा आखडतो. पण त्याचे परिणाम तुमच्या पायांपर्यंत पोचले आहेत हेही खरे आहे.

चौकटी आखलेली ही नवी गावे जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर मिळणार असल्याने घरांच्या रांगाही त्या हिशेबाने लागल्या आणि एका भिंतीआड राहणारी भावकी गावाच्या दोन टोकांना गेली. तुमच्या आबांना पारावर जाताना वाटेत प्रत्येक वीस-पंचवीस पावलांवर कोणाचा ना कोणाचा ओटा लागत असणार, म्हणजे टेकायला जागा आणि ‘या, बसा’ म्हणणारा माणूस. शिवाय समोरासमोरच्या उंच भिंतींमुळे सकाळी अकरापर्यंत आणि दुपारी चारनंतर बोळात सावली असणार. आता तुमच्या रस्त्यावर सूर्य सकाळी नवापासून सरळ उतरतो, घरे कुंपणाच्या आत गेली आहेत आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपुढे असताना त्या पांढऱ्या, रुंद रस्त्यावरून चालणे तरुणालाही नकोसे वाटते. अंतर वाढले की चालणे वाढेल असे कागदावर दिसते, प्रत्यक्षात ठराविक मर्यादेपुढे अंतर वाढले की माणूस जाणेच सोडतो किंवा नातवाच्या मोटारसायकलवर बसतो.

गाव पुन्हा बांधता येणार नाही, पण एक वाट दुरुस्त करता येते. तुमच्या घरापासून मंदिर, एसटीचा थांबा किंवा शाळा यांपैकी जेथे इतर म्हातारी माणसे जमू शकतील असे एकच ठिकाण निवडा आणि तेथवरच्या रस्त्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा : दर शंभर पावलांवर बसण्याची जागा आणि एका बाजूने झाडे. झाडे कोणत्या बाजूला, हे ठरवताना चूक होते म्हणून सांगतो. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर झाडे दक्षिणेच्या कडेला लावा. दक्षिणोत्तर असेल तर पश्चिमेच्या कडेला, म्हणजे तिसऱ्या प्रहरी सावली रस्त्यावर पडेल. कडुनिंब आणि करंज आपल्या मातीत तग धरतात. गुलमोहर दिसायला देखणा असला तरी ऐन मार्चमध्ये उघडा पडतो आणि त्याच्या फांद्या वादळात मोडतात. आपल्या भागात झाड लावण्याइतकेच ते पहिले तीन उन्हाळे जगवणे अवघड असते. जेथे माणसांना टँकरची वाट पाहावी लागते तेथे झाडाला पाणी मागायचे तर झाडामागे एक घर ठरवून द्यावे लागते, आणि त्या घराने धुण्या-भांड्याचे पाणी तेथेच ओतावे लागते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. घरातली सर्व कामे करतात, पण गेल्या वर्षापासून संध्याकाळचे भजन त्यांनी बंद केले. मंदिर चार गल्ल्या सोडून आहे. विचारले तर ‘कंटाळा येतो’ म्हणतात. परभणी.

उत्तर : चाळीस वर्षे भजनाला गेलेल्या बाईला एकाएकी भजनाचा कंटाळा येत नाही. एखाद्या संध्याकाळी मुलांना न सांगता तुम्ही दोघीच त्या वाटेने जा, त्यांच्या चालीने चाला, त्या जेथे थांबतील तेथे थांबा आणि तोपर्यंत काहीही विचारू नका.

माझा अंदाज तीन ठिकाणी जातो. पहिले ठिकाण तुमच्या घराची पायरी. आपल्या गावांत जुन्या रस्त्यावरच नवा सिमेंट रस्ता ओतण्याची पद्धत असल्याने रस्ता दर काही वर्षांनी वर येतो, मग पाणी आत येऊ नये म्हणून आपण जोते उचलतो, आणि त्यातून एक-दोन अशा पायऱ्या तयार होतात ज्यांची उंची कोणीच मोजलेली नसते. १५ सेंटिमीटरची पायरी आरामाची; मी नऊ आणि दहा इंचांच्याही पाहिल्या आहेत, आणि त्यांना धरायला कठडा नव्हता. चढता येते म्हणून त्या बोलत नसतील, पण परत येताना अंधारात तीच पायरी चढण्याचा विचार त्यांना निघतानाच अडवत असेल. भिंतीत बसवलेला एक लोखंडी दांडा हा प्रश्न एका दिवसात सोडवतो.

दुसरे ठिकाण वाटेतली बसण्याची जागा. बंद दुकानाच्या ज्या पायरीवर त्या पूर्वी दम घेत, तेथे आता अणकुचीदार पट्टी किंवा उतरती फरशी बसवली आहे का ते पाहा. रिकामटेकड्या पोरांना उठवण्यासाठी केलेल्या या उपायाने पोरे दुसरीकडे जातात आणि म्हाताऱ्या बायका घरी बसतात.

तिसरे ठिकाण मंदिरातले स्वच्छतागृह, किंवा ते नसणे. दीड-दोन तास बसायचे म्हणून दुपारपासून पाणी न पिणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत, परभणीच्या उन्हाळ्यातही. हे कारण त्या तुमच्या यजमानांना कधीही सांगणार नाहीत. तुम्हांला कदाचित सांगतील, पण चालता चालता. चेहऱ्याकडे पाहून नव्हे.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला वसाहतीच्या मोकळ्या जागेत काहीतरी करण्यासाठी निधी मिळण्याची शक्यता आहे. बहुसंख्य सदस्यांचा कल ओपन जिमकडे आहे. आपले मत काय? जालना.

उत्तर : आधी ती जागा तुमचीच आहे का, ते मंजूर रेखांकनात (ले-आउटमध्ये) पाहून घ्या. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तुमची वसाहत गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकून झालेली, असेल तर अशी जागा मुळात नसण्याचीच शक्यता अधिक, आणि जिला तुम्ही मोकळी जागा समजता तो कोणाचा तरी न विकला गेलेला प्लॉट असू शकतो.

ओपन जिमला माझा विरोध नाही. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते, त्यामुळे यंत्रे निरुपयोगी नाहीत. पण मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी त्या यंत्रांवर संध्याकाळी मुले झोके घेत होती, एप्रिलमध्ये लोखंडाला हात लावता येत नव्हता, आणि ज्येष्ठ मंडळी बाहेर कठड्यावर बसली होती. निधी एकदाच मिळणार असेल तर मी तो या क्रमाने खर्च करीन : जागेभोवती खाचखळगे नसलेली, पेव्हर ब्लॉकऐवजी सलग पृष्ठभागाची, एका बाजूने हाताला दांडा असलेली फेरी, तिच्यावर दिवे, वसाहतीच्या तोंडाशी, जेथे किराणा दुकान उघडे असते, तेथे दोन बाके आणि आत चार. बाक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच, पाठ टेकता येईल असा आणि दोन्ही बाजूंना हात असलेला हवा, कारण उठताना जोर हातावर द्यावा लागतो. आपल्याकडे मिळणारे देणगीदारांच्या नावाचे सिमेंटचे बाक पाठीवर नाव लिहिण्यासाठी उत्तम असतात, पण त्यांना हात नसतात. मग स्वच्छतागृह. त्याला कुलूप लागेल, हे गृहीतच धरा, आणि किल्ली त्या किराणा दुकानात राहील की संघाच्या अध्यक्षांच्या घरी, हे बांधकामाच्या आधीच ठरवून घ्या.